‘नस चढली’ म्हणण्याआधी काय तपासावे

विदर्भातील खेड्यांत हातापायाची जवळजवळ प्रत्येक तक्रार ‘नस चढली’ या दोन शब्दांत सांगितली जाते. पोटरीत गोळा आला तरी नस चढते, बोटे बधिर झाली तरी नस चढते आणि सकाळी उठताना अर्धे अंग लुळे पडलेले दिसले तरी नसच चढलेली असते. उपायही एकच, तो म्हणजे तेल लावून जोराने चोळणे. यांतला फरक घरच्या माणसांनाही बराचसा ओळखता येतो. त्यासाठी त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू, तो एकाच बाजूला आहे की दोन्ही, आणि शक्ती गेली आहे की स्पर्श कळेनासा झाला आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

अचानक आणि एका बाजूला, हे उत्तर आले तर लकवा समजूनच पुढचे पाऊल टाकावे. रुग्णाला हसायला सांगून तोंड एकीकडे ओढले जाते का ते पाहावे, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावून एक हात खाली येतो का ते पाहावे आणि स्वतःचे नाव व गावाचे नाव बोलायला लावावे. यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली असेल तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो; म्हणून जिथे स्कॅन होतो त्याच रुग्णालयाकडे निघावे, नाहीतर तालुक्याच्या गावी थांबून परत जिल्ह्याला जाण्यात ती वेळ निघून जाते. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. तोंडात पाणीदेखील घालू नये, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते. चेहऱ्याच्या नसेचा वेगळा आजारही असतो, त्यात त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही आणि डोळा मिटत नाही. पण हा निवाडा डॉक्टरांवर सोडावा.

एकच पंजा किंवा एकच मनगट लोंबले असेल, तर बहुधा नस दबलेली असते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या गाठीशी एक नस अगदी कातडीखालून जाते. निंदणाच्या दिवसांत तासन्‌तास उकिडवे बसल्याने ती दबते आणि पाऊल वर उचलता येत नाही. टाचांवर चालायला सांगितले की हे लगेच दिसते. बाजेच्या कडेवर दंड टाकून गाढ झोपल्यास मनगट असेच लोंबते. अशी दबलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरते, मात्र तिला अंगठ्याने रगडणे हा उपचार नव्हे, दुसरी इजा आहे. विळ्याने मनगट कापल्यावर बोट बधिर झाले, तर मात्र नुसते टाके घालून थांबू नये. तुटलेली नस शस्त्रक्रियेने जोडावी लागते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न दुखणाऱ्या बधिरपणाची. आमच्याकडील एका मावशींची चप्पल नाल्याच्या चिखलात राहिली आणि त्या एकाच चपलेने घरापर्यंत चालत आल्या. उंबरठ्यावर नातीने विचारले तेव्हा त्यांना कळले. असा पाय मधुमेहाने होतो, तसाच कुष्ठरोगानेही होतो, आणि चंद्रपूर-गडचिरोली भागात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. फिकट किंवा लालसर चट्टा दिसल्यास रुग्णाला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करावा आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगावे. चट्ट्यावर त्याला काहीच कळले नाही, किंवा करंगळी वाकडी होऊ लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ आनंदवन सुरू केले तेव्हा आजची बहुविध औषधे नव्हती; आज ती सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि उपचार ६ किंवा १२ महिन्यांत पुरे होतात. औषध चालू असताना नस दुखू लागली किंवा हाताची ताकद कमी झाली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

यवतमाळ जिल्ह्यातील २०१७ च्या फवारणीतील मृत्यू कोणी विसरलेले नाही. फवारणीनंतर लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि स्नायूंची फडफड दिसली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात जावे. बरे वाटले म्हणून लगेच घरी परतू नये. काही कीटकनाशकांमुळे एक ते चार दिवसांत मानेची ताकद जाते, उशीवरून डोके उचलता येत नाही आणि त्यानंतर श्वास अडखळतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, तर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यार चावल्याचा संशय घेऊन त्याला तडक रुग्णालयात न्यावे.

मिर्गीचा झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, त्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये, दातांत काही कोंबू नये आणि घड्याळाकडे पाहावे: झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला बोलवावे.