त्रोम्सो ते लाँगियरब्येन: ९६० किलोमीटरचा हिशेब

नोकरीसाठी किंवा संशोधनासाठी स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, निघालेले आपले लोक पहिल्यांदा हेच विचारतात: उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोहून तिथलं मुख्य गाव लाँगियरब्येन किती लांब? हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर, वेळ साधारण एक तास चाळीस मिनिटं. मुंबईहून रायपूर जेवढं, जवळपास तेवढंच. पण रायपूरला जायला रेल्वेही आहे. इथे त्रोम्सो सुटलं की खाली बॅरेंट्स समुद्र. अर्ध्या वाटेवर ब्योर्नोया बेट लागतं, पण तिथे हवामान केंद्र आहे, प्रवासी विमान उतरण्याची सोय नाही. लाँगियरब्येनला धुकं दाटलं, तर विमान मुख्य भूमीकडे परत फिरतं.

भाचीच्या लग्नाला निघाले तेव्हा मला हे पुरतं कळलं. आमचं विमान त्रोम्सोहून यायचं होतं, ते धुक्यामुळे अर्ध्यातून परत गेलं. ऑस्लोहून मुंबईचं तिकीट मी स्वस्त म्हणून वेगळं काढलेलं, ते वाया गेलं. हळद चुकली, अक्षतांना कशीबशी पोहोचले. तेव्हापासून सगळ्यांना सांगते: लाँगियरब्येन ते भारत एकाच तिकिटात काढा. जमत नसेल तर ऑस्लोला एक रात्र मुक्काम ठेवा, हिवाळ्यात दोन.

व्हिसाचं नीट समजून घ्या, यात आपले लोक फसतात. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतून जाते, नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर. म्हणजे त्रोम्सोहून उत्तरेला उडालात की तुम्ही शेंगेन सोडलंत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथेच संपतो आणि परतीची वाट बंद होते. निदान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू नका. ऑस्लोचं विमान त्रोम्सोला थांबलं, तर तपासणीसाठी हातातलं सामान घेऊन उतरावं लागू शकतं.

कोणी गरोदर असेल तर आधीच बोलून ठेवा. लाँगियरब्येनचं रुग्णालय लहान आहे, बाळंतपणासाठी तारखेच्या सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावं लागतं. आई किंवा सासूबाई सोबतीला येणार असतील, तर त्यांना त्रोम्सोलाच बोलवा. घर शोधायला तिथेही वेळ लागतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणार असाल तर मनाची तयारी ठेवा. त्रोम्सोला तेव्हा दुपारी थोडं ऊन असतं, आणि उतरता तिथे सूर्य ऑक्टोबरअखेरच गेलेला असतो. तो क्षितिजावर येतो फेब्रुवारीच्या मध्याला, आणि डोंगर ओलांडून गावात ऊन पडतं ८ मार्चच्या सुमारास. पहिल्या वर्षी हे जड जातं. खोलीत चांगला दिवा घ्या, रोज ठरल्या वेळी बाहेर पडा, घरी रोज फोन करा.

‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रावर जाणाऱ्यांना पुढे न्यू-ओलेसुंद ही संशोधकांची छोटी वस्ती गाठायची असते. तिथे जाणारं छोटं डॉर्निअर विमान साधारण २५ मिनिटं घेतं. या जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला बनतात, ते पाहून मला दरवेळी बरं वाटतं. हेही हवामानावर अडतं, म्हणून लाँगियरब्येनला एक दिवस हाताशी ठेवा.

जाड जाकीट, टोपी आणि हातमोजे विमानातच जवळ ठेवा. उतरल्यावर इमारतीपर्यंत उघड्यावरून चालायचं असतं. गाव पाच किलोमीटरवर आहे, बस विमानाच्या वेळेलाच बाहेर उभी असते.