शंभराची एक नोट आणि जळगावचा रविवार

रविवारी सकाळी दहाला उठायचं, बारापर्यंत मोबाईल चाळायचा आणि मग "आपल्या जळगावात काहीच नाही भो" म्हणत कुठल्यातरी एसी दुकानात जाऊन हजार-बाराशे उडवून यायचे, हा कार्यक्रम मी स्वतः दोन वर्षं केलाय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. चटई कंपनीत काम करतो, पगार किती असेल ते एमआयडीसीवाल्यांना सांगायला नको. एकदा पोरीच्या वाढदिवसाला एका गेम झोनमध्ये गेलो, कार्ड रिचार्ज करा, संपलं, परत रिचार्ज करा, दोन तासांत अठराशे गेले आणि पोरगी घरी येऊन शेजारच्या बांधकामाच्या वाळूत संध्याकाळपर्यंत खेळत बसली. त्या वाळूचे पैसे कुणी घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, सुट्टीला निघताना खिशात शंभराची एक नोट घ्यायची आणि फोन पे उघडायचंच नाही. स्कॅन करून दिलेले पैसे गेल्यासारखे वाटत नाहीत, नोट मोडली की ती मोडलेली दिसते, बस. गावाबाहेर गेलो तर तिकिटाचे पैसे वेगळे धरतो, बाकी सगळं त्या नोटेत बसवायचं. जमतं.

पण नोटेपेक्षा महत्त्वाचं आहे घड्याळ. पुण्या-मुंबईवाल्यांच्या फिरण्याच्या याद्या इथं चालत नाहीत, कारण तिकडं दुपारी बारालाही माणूस बाहेर पडू शकतो, इथं एप्रिल-मेत पारा ४४-४५ ला गेला की बारा ते पाच कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही. "काहीच नाही" म्हणणारे बहुतेक लोक चुकीच्या वेळी बाहेर पडलेले असतात. म्हणून दिवसाचे तीन तुकडे करायचे: उजाडताना उघड्यावर, दुपारी सावलीत, सहानंतर परत बाहेर. पुढचं सगळं त्याच हिशोबानं सांगतोय.

सकाळ म्हणजे मेहरूण तलाव. साडेपाच-सहाला पोचा, सातनंतर गेलात तर अर्धी मजा गेली असं समजा. पाण्याच्या कडेनं चालायचं, थकलं की बसायचं, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात ते बघायचे. दुर्बीण नसली तरी चालतं, फक्त पोरांना ओरडू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत मेहरूणची बोरं येतात, चवीला साखर, वाणच या गावाच्या नावाचा आहे, दहा-वीस रुपयांची घेऊन खात खात फिरलं की नाश्ता सुटतो. तलावाचा कंटाळा आला तर मोहाडी रोडला वनखात्याचं लांडोरखोरी उद्यान आहे, तिथं झाडीत चालायला बरं वाटतं आणि सकाळी मोराचा आवाज ऐकू येण्याचा चान्स असतो. दिसेलच असं नाही, मला तीन वेळा नुसता आवाजच ऐकू आला, पोरगी म्हणाली पप्पा तो मोबाईलवर वाजवतायत.

एक सांगतो, सकाळी बाहेर चहा-पोहे घ्यायचा मोह टाळा. चौघांचे पोहे-चहा म्हणजे नोट संपली आणि दिवस अजून अख्खा बाकी. घरून चहाचा थर्मास आणि शेव-मुरमुरे न्या.

दुपारची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो कारण लोक इथंच पैसे घालवतात. थंड हवा पाहिजे म्हणून मॉल गाठतात. पहिला उपाय व. वा. वाचनालय. पेपर वाचत बसायला पैसे लागत नाहीत, पंखा असतो आणि कुणी "काय घेणार" म्हणून विचारत नाही. मेंबर झालात तर महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्याच्याही खाली. मी आधी नुसता पेपरसाठी जायचो, मग हळूहळू पुस्तकं आणायला लागलो, आता बायको माझ्या कार्डावर वाचते आणि उशीर झाला की दंड मी भरतो.

दुसरी जागा जुन्या जळगावातलं बहिणाबाईंचं घर. चौधरी वाड्यात त्यांच्या आठवणींचं संग्रहालय केलंय, त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. बहिणाबाई १८८० मध्ये इथून जवळच आसोद्याला जन्मल्या, लग्न होऊन जळगावात आल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं तरी जात्यावर आणि शेतात काम करता करता ओव्या रचल्या, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण त्या अंगणात उभं राहून पोराला सांगितलं तर ते वेगळंच लक्षात राहतं. आधी माझी आईच यायला तयार नव्हती, "तठे काय शे? जातं तं आपला घर बी होतं" म्हणाली. गेली आणि मग तासभर हललीच नाही, एकेका वस्तूचं नाव नातीला सांगत बसली, अर्धी नावं मलाही माहीत नव्हती. म्हातारं माणूस बरोबर न्या, गाईड फुकटात मिळतो.

तिसरं, शिरसोली रोडला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ. २५ मार्च २०१२ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं, त्या आपल्या जळगावच्याच. गांधीजींच्या आयुष्यावरचं म्युझियम आहे, नीट बघायचं तर दोन-अडीच तास हाताशी ठेवा, धावत बघण्यात अर्थ नाही. कुठल्याही म्युझियमला निघण्याआधी फोन करून उघडं आहे का ते विचारून घ्या. हे मी अनुभवावरून सांगतोय, एकदा उन्हात स्कूटरवर चौघं गेलो आणि गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला आज सुट्टी. सुट्टी तर आमचीही होती.

संध्याकाळी काव्यरत्नावली चौक. बाजूला भाऊंचं उद्यान आहे, पोरं तिथं सोडायची आणि आपण बसायचं. चौकात खाण्याच्या गाड्या असतात, मोडायची तर इथं मोडा नोट, दिवसभर सांभाळलेली असते. या चौकाला हे नाव का पडलं ते रोज तिथं उभं राहणाऱ्या पोरांना विचारलं तर दहातल्या आठांना येत नाही. नारायण नरसिंह फडणीस नावाच्या माणसानं १८८७ पासून जळगावातून 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक काढलं, निव्वळ कवितांचं! आज फुकट दिलं तरी कविता कोणी घेत नाही आणि त्या काळी या गावातून महिन्याला कवितांचा अंक निघायचा. १९०७ साली जळगावातच कविसंमेलन भरलं होतं आणि धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरे नावाच्या पोराला तिथंच 'बालकवी' ही पदवी मिळाली. पाणीपुरी खाता खाता सांगायला ही गोष्ट चांगली आहे.

आता गाडीचा टाइमपास. पोरं लहान असतील तर जळगावहून भुसावळला पॅसेंजर किंवा मेमूनं जाऊन या, अर्धा-पाऊण तास लागतो, तिकीट किरकोळ आणि पोरांना खिडकी मिळाली की त्यांचा सिनेमा सुरू. भुसावळ एवढं मोठं जंक्शन आहे की अर्धा तास पुलावर उभं राहिलं तरी इंजिनं मोजून होत नाहीत. मधे भादली स्टेशन लागतं. त्याच बालकवींना इथं रेल्वेचा अपघात होऊन ५ मे १९१८ ला मरण आलं, वय अवघं सत्तावीस. म्हणून भादली आली की पोरीला रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचं हे परत एकदा सांगतो, ती म्हणते मागच्या वेळी पण सांगितलं होतं.

भादलीवरून आठवलं, भरीत पार्टी! हा आपला खरा फुकटातला सण, आणि हल्ली लोक त्याच्यासाठीही ढाब्यावर ताटाचे दोन-दोनशे देऊन राहिले म्हणून जरा नीट लिहितो. थंडी पडली, चंपाषष्ठी झाली की ज्याचं शेत असेल अशा मित्राला पटवायचं. आठ-दहा जण, माणशी पन्नास-साठ काँट्री. वांगी घ्यायची ती आपली भरताचीच, मोठी, हिरवी, अंगावर पांढरट रेघा असलेली. बामणोद, आसोदा, भादलीकडची मिळाली तर डोळे झाकून घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, काळी गोल वांगी आणून त्याची इज्जत घालवू नका. हातात घेऊन हलकं वाटेल ते वांगं उचलायचं, जड म्हणजे बिया जास्त. भाजायला गॅस नाही, कोळसा नाही, कपाशीच्या वाळलेल्या काड्या. शेतात ढीग पडलेला असतो, शेतकऱ्याला विचारून घ्या, नाही कोण म्हणतच नाही. वांग्याला तेलाचा हात लावायचा, चाकूनं दोन-चार टोचे मारायचे (एका वर्षी विसरलो, वांगं फुटून गरम गर मित्राच्या शर्टावर, तो शर्ट अजून दाखवतो), आणि काड्यांच्या जाळात फिरवत राहायचं, साल काळी पडून सुटेपर्यंत. तोपर्यंत दुसऱ्यानं हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचायचा. साल काढून गर लाकडी मुसळीनं ठेचायचा, मिक्सरचं नाव काढायचं नाही. तेलात शेंगदाणे, मिरची-लसणाचा ठेचा, भरपूर कांद्याची पात, मग गर आणि वरून कोथिंबीर. हळद-मसाला काही नाही. बरोबर कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी-उडदाचं पीठ घरून मळून आणलं तर तिथं तळायला वेळ लागत नाही. केळीच्या पानावर वाढायचं, पानं त्याच शिवारात मिळतात. खाऊन झालं की आग पूर्ण विझवा, वर माती टाका, बाजूला काड्यांचा ढीग असतो आणि तो मित्र पुढच्या वर्षीही आपल्याला लागणार असतो.

लांब जायचं असेल तर एसटी. घरात बाई आणि म्हातारं माणूस असेल तर तिकिटाचा हिशोबच बदलतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, राज्यात कुठंही. आमच्याकडं पूर्ण तिकिटाचा मी एकटाच उरलोय. आधार कार्ड बरोबर ठेवा, कंडक्टर मागतो. श्रावण-भाद्रपदात पद्मालयला जा, एरंडोलला उतरून पुढं, तळ्यात कमळं बघायची तर तोच मोसम. अंगारकीला मात्र चुकूनही नाही, कमळाऐवजी डोकी दिसतील.

चाळीसगावला जाणं होत असेल तर स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. हा पारशी माणूस, १९१२ चा जन्म, मोठा फोटोग्राफर आणि चित्रकार, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यानं स्वतःला त्या घरात कोंडून घेतलं होतं, १९८९ ला गेला. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून असे फोटो काढायचा की अख्खा देखावा खरा वाटतो. लोक सांगतात की त्याची प्रेयसी पंजाब मेलनं येते म्हणाली होती आणि तो त्या गाडीच्या वेळेला दार उघडून वाट बघायचा. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत, पण ते फोटो बघून बाहेर आलात आणि तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली तर पोटात काहीतरी होतंच.

धुळ्यात बहीण आहे म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी जाणं होतं. तिथं राजवाडे संशोधन मंडळ बघा, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी हे मंडळ काढलं. जुनी कागदपत्रं, मूर्ती, नाणी, उन्हाच्या वेळेला उत्तम. सकाळ मोकळी असेल तर लळिंगचा किल्ला, आग्रा रोडला आठ-दहा किलोमीटरवर, चढ फार नाही पण पाणी वर मिळत नाही, माणशी एक लिटर न्याच.

घरातल्या पोरींसाठी भाद्रपद-आश्विनात गुलाबाई आहे, आपल्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण, एकीच्या घरून दुसरीच्या घरी, गाणी म्हणायची आणि डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. महिनाभर रोज संध्याकाळी दोन तास पोरगी मोबाईल मागत नाही, एवढं एकच कारण मला पुरतं.

आणि कार्तिकी एकादशीला रथ. जुन्या जळगावच्या श्रीराम मंदिराचा, दीडशे वर्षांवर झाली या परंपरेला. त्याआधी रोज रात्री देवाचं एकेक वाहन मिरवणुकीनं निघतं, गर्दी नको असेल तर ते बघा, पोरांना जवळून दिसतं. रथाच्या दिवशी भिलपुऱ्याच्या बाजूला जागा धरा, तिथं लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो आणि फुलांची चादर चढवतात, ते बघण्यासारखं असतं. लहान मूल असेल तर खांद्यावर घ्या, चप्पल जुनी घाला आणि उभं राहायचं ते चाकापासून चांगलं दहा-पंधरा पावलं लांब, कारण मोगरी (रथ थांबवायला-वळवायला चाकाखाली घालायचं लाकूड) लावणारे पळत येतात तेव्हा ते कुणाकडं बघत नाहीत. केळी आणि शेव-चिवड्याला तीस-चाळीस रुपये जातात, बाकीची नोट तशीच घरी येते.