नाटकासाठी जुन्या वळणाची लोकरी टोपी: आधी ढगळ विणा, मग आटवा

सोळाव्या-सतराव्या शतकातला विलायती खलाशी, सैनिक किंवा शेतकरी स्टेजवर उभा करायचा असला की डोक्यावर काय घालायचं हा प्रश्न हमखास शेवटच्या आठवड्यात येतो. मग कुणीतरी इथे नाशिकच्या शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून गोंड्याची टोपी उचलून आणतं, गोंडा कापला की झालं म्हणतं. मागच्या रांगांना चालून जातं, पण कालिदास नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला कळतंच की ही आत्ताची टोपी आहे, कारण टाके न् टाके मोजता येतात आणि काठाला उलट-सुलटची लवचिक बॉर्डर असते. त्या काळच्या टोप्या विणून झाल्यावर गरम पाण्यात रगडून आटवायचे, टाके एकमेकांत मिसळून कापड जाड व्हायचं, थंडीवाऱ्याला आणि पावसाला बरं. इंग्लंडमध्ये १५७१ साली कायदाच झाला होता, सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी (बडे लोक आणि घरंदाज बायका सोडून) रविवारी आणि सणाला देशातच विणलेली आणि आटवलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. विणकरांचा धंदा टिकावा म्हणून. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही आणि १५९७ ला तो रद्द झाला.

आपण विणणार ती मॉनमथ टोपी. वेल्समधल्या मॉनमथ गावच्या म्युझियममध्ये एक जुनी शिल्लक आहे, तपकिरी, साधी, काठ दुहेरी, वर बारीक गुंडी आणि काठाला एक फासा. नवशिक्याला यापेक्षा सोपी टोपी मिळणार नाही.

आता लोकर, सगळं इथेच ठरतं. मेनरोडला, भद्रकालीत दुकानात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिक असतात, ते कितीही उकळा, आटणार नाहीत. दुकानदार "प्युअर आहे ताई" म्हणाला तरी एक बोटभर धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरलं की राख झाली तर खरी लोकर, वितळून टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. अजून एक, लेबलवर 'सुपरवॉश' किंवा 'मशीन वॉशेबल' असेल तर ती खरी असूनही उपयोगाची नाही, ती न आटण्यासाठीच प्रक्रिया केलेली असते. ऑनलाइन जाड नॉन-सुपरवॉश मागवा, १५०-२०० ग्रॅम पुरते. घोंगडी विणणाऱ्यांकडे दख्खनी मेंढीचं हातकताईचं सूत मिळालं तर रंगाला झकास, काळपट तपकिरी, पण टोचतं भयंकर, आतून मलमलचं अस्तर लावल्याशिवाय नट दोन प्रवेशसुद्धा काढणार नाही.

रंग नैसर्गिक ठेवा, मेंढीचा तपकिरी, राखाडी, मळकट पांढरा. रासायनिक रंग १८५६ नंतरचे, त्यामुळे राणी किंवा पोपटी टोपी दिसली की गेलंच सगळं. लाल हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठ आणा आणि लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवून घ्या. पट्टे चालतात बरं का, आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनला डच व्हेलशिकाऱ्यांच्या थडग्यांत पट्ट्यापट्ट्यांच्या विणलेल्या टोप्या सापडल्यात.

सुई ६ मिमी, आपल्याकडच्या जुन्या नंबरात ४. गोल विणायचंय म्हणून सर्क्युलर सुई (दोन टोकं लवचिक वायरने जोडलेली) आणि शेंड्यासाठी दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुयांचा सेट. नेहमीपेक्षा सैल विणा. आधी वीस टाक्यांचा एक तुकडा विणून मोजा, आटवा, परत मोजा, हे टाळू नका कारण प्रत्येक लोकर वेगळी आटते. माझं गणित असं: १० सेंमीत १३ टाके, रुंदीचे १५ सेंमी आटून १३ होतात, म्हणजे ५६ सेंमीच्या डोक्यासाठी विणताना साधारण ६४ सेंमी घेर हवा, तर ८४ टाके.

८४ टाके घालून गोल जोडा, पीळ पडला नाही ना बघा. सगळं सुलट, १६ फेऱ्या. मग काठ आत दुमडा आणि पुढच्या फेरीत सुईवरचा एक टाका आणि सुरुवातीच्या काठाचा एक फासा असे दोन-दोन एकत्र सुलट विणत जा, दुहेरी काठ तयार. टाके ८४च राहिले पाहिजेत. काहीजण घडीवर एक उलट फेरी घालतात, मला ती कडक धार आवडत नाही. पुढे सरळ सुलट विणत दुमडीपासून १५ सेंमी या. ढगळ पिशवी दिसेल, दिसू दे.

शेंडा: १० सुलट, दोन एकत्र, असं सात वेळा. मग एक फेरी साधी. मग ९ सुलट, दोन एकत्र, परत साधी फेरी, असं करत ४२ टाके राहिले की साध्या फेऱ्या बंद, प्रत्येक फेरीत कमी करत ७ वर या. धागा ओवून घट्ट ओढा, त्याच धाग्याची गाठीवर गाठ मारून वर गुंडी करा. काठाच्या सुट्या टोकाचा फासा.

आता आटवणं. बादलीत हाताला सोसेल त्यापेक्षा जरा जास्तच गरम पाणी, रबरी मोजे घाला, भांड्याचा लिक्विड साबण चमचाभर. नळाचं गंगापूर धरणाचं पाणी घ्या, बोअरच्या जड पाण्याला फेसच येत नाही. टोपी दोन्ही हातांत धरून चोळा, कपडे धुवायच्या खरबरीत दगडावर किंवा फळीवर सगळीकडून सारखी रगडा, मधून गार पाण्यात बुडवा, परत गरम. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, उलट टोपी अजून लांबते आणि बघणारे हसतात. मग एकदम हाताला दाट लागायला लागते. तिथून पुढे दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावर घालून बघा कारण आटलेली परत सैल होत नाही. टाक्यांच्या रेषा पुसट झाल्या की थांबा. फ्रंट लोड मशीन असेल तर उशीच्या अभ्र्यात बांधून जुन्या जीन्सबरोबर ६० डिग्रीवर टाकता येते, पण तिथे मधे थांबवून बघता येत नाही म्हणून मी हातानेच करते.

पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. सुमारे १८ सेंमी व्यासाचं पातेलं पालथं घाला, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर टोपी ओढून गच्चीवर सावलीत ठेवा. नाशिकच्या हिवाळी कोरड्या हवेत लवकर वाळते, पावसाळ्यात घरभर मेंढीचा वास. वाळल्यावर कडक ब्रशने लव वर काढून कात्रीने हलकी कातरली की लाइटखाली मस्त मखमली दिसते.

प्रयोगानंतर घाम वाळवून कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवा, कसर लोकरीवर तुटून पडते. आणि कपडेपट सांभाळणाऱ्याला बजावून ठेवा की ही मशीनमध्ये टाकायची नाही, नाहीतर पुढच्या प्रयोगाला ती बालकलाकारालाच होईल.