नॉर्मंडीचे किनारे मुलांसोबत बघायचेत? या चुका टाळा

पॅरिसच्या सहलीतला एक दिवस काढायचा, नॉर्मंडीचे पाचही किनारे बघायचे आणि रात्री जेवायला परत यायचं. हा बेत कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात त्या दिवसाचा बराचसा वेळ खिडकीतून मका आणि गाई बघण्यात जातो. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला जर्मनांविरुद्ध दोस्त राष्ट्रांचं सैन्य जिथे उतरलं तो पट्टा साधारण ८० किलोमीटरचा आहे. पश्चिमेकडून युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो, स्वॉर्ड असा क्रम. पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनवरून बायू या गावी पोचायला रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात आणि खरी अडचण तिथून पुढे असते. किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बस मोजक्या, रविवारी तर जवळपास नाहीतच.

म्हणून बायूत दोन रात्री मुक्काम करा. हे गाव ७ जूनलाच, फारशी पडझड न होता मुक्त झालं, त्यामुळे जुनी घरं आणि कॅथेड्रल शाबूत आहे. मुलांसाठी संध्याकाळी पायी भटकायला ते मोठ्या काँ शहरापेक्षा कितीतरी सोयीचं. तिथलं प्रसिद्ध भरतकाम, म्हणजे बायू टॅपेस्ट्री, मात्र यादीतून काढा. त्याचं संग्रहालय सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे आणि २०२७ मध्ये उघडायचं ठरलं आहे.

पाच किनारे म्हणजे पाच ‘पॉइंट’ नव्हेत

महाबळेश्वरला जसे पॉइंट उरकतो तसे हे उरकायला गेलात तर तिसऱ्या किनाऱ्यावर मुलं विचारतील, ‘इथे काय वेगळं आहे?’ आणि त्यांचं बरोबर असेल. वाळू सगळीकडे सारखीच. फरक आहे तो कोण, कसं आणि कशासाठी उतरलं यात, आणि ते सांगायला वेळ लागतो. एका दिवशी एकच बाजू घ्या. माझी पसंती अशी: पहिल्या दिवशी लाँग-स्यूर-मेरचा जर्मन तोफखाना, ओमाहा आणि प्वांत द्यु ऑकचा कडा, दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम बंदराचं आरोमाँश, मग वेळ उरला तर गोल्डवरचं व्हेर-स्यूर-मेर किंवा जुनोवरचं कुर्सल. युटा आणि त्याच्याजवळचं, छत्रीधारी सैनिक उतरलेलं सांत-मेर-एग्लीज हवंच असेल तर तिसरा दिवस काढा, नाहीतर सरळ सोडून द्या.

गाडीच्या नकाशात ‘ओमाहा बीच’ टाकून निघू नका. ती लष्करी सांकेतिक नावं आहेत आणि एकेक किनारा कित्येक किलोमीटरचा आहे. गावाचं नाव टाका: ओमाहासाठी सां-लोराँ किंवा व्हिएरव्हिल, गोल्डसाठी आनेल, जुनोसाठी कुर्सल, स्वॉर्डसाठी विस्त्रेआम. आणि कॉलव्हिल दोन आहेत! अमेरिकन दफनभूमी कॉलव्हिल-स्यूर-मेरला आहे. कॉलव्हिल-माँगोमेरी हे स्वॉर्डजवळचं वेगळं गाव, दोन्हींमध्ये गाडीने पाऊण-एक तास.

त्याहून मोठी गफलत म्हणजे डंकर्कलाही याच किनाऱ्यांत धरणं. तिथे १९४० मध्ये सैन्य उतरलं नव्हतं, तिथून बाहेर काढलं होतं. बायूपासून ते गाडीने चार तासांवर आहे, तेव्हा ‘जाता जाता’ होत नाही. भारतीय सैनिकांची नावं शोधायची असतील तर मात्र त्याच उत्तर भागात, लीलजवळ, नव्ह-शापेलला जा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. नॉर्मंडीत मराठा पलटण शोधू नका. १९४४ च्या त्या उन्हाळ्यात ती इटलीत लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या तिथल्या लढाईसाठी.

भरतीचं वेळापत्रक न बघता जाणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इथे उधाणाला पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भर भरतीत ओमाहाला गेलात तर अरुंद वाळूची पट्टी दिसेल आणि सैनिकांना एवढं काय धावावं लागलं, हेच कळणार नाही. ओहोटीला तीच वाळू शेकडो मीटर उघडी पडते. पाण्याच्या कडेला उभं राहून मागे वळून टेकडीकडे पाहिलं की दहा वर्षांच्या मुलालाही बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

हल्ल्याची तारीखही पाण्यावरच ठरली होती. रात्री छत्रीधारी सैनिक उतरवायला चांदणं हवं होतं आणि पहाटे ओहोटी हवी होती, म्हणजे जर्मनांनी वाळूत रोवलेले अडथळे उघडे दिसतील. दोन्ही जुळणारे दिवस पौर्णिमेच्या आसपासचे मोजकेच. ५ जूनचा बेत वादळी हवेमुळे एक दिवस पुढे गेला. भरती या किनाऱ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून अमेरिकन तुकड्या साडेसहाला उतरल्या आणि ब्रिटिश जवळपास तासाभराने, साडेसातच्या सुमारास. हे मुलांना आदल्या रात्री वहीत नकाशा काढून सांगा, दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून पाण्याकडे बघतील.

आरोमाँशलाही हेच. दोस्तांनी इंग्लंडहून ओढत आणलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून तिथे आहेत, आणि ओहोटीला त्यातल्या काहींपर्यंत चालत जाता येतं. वेळ जुळत नसेल तर दिवसाचा क्रम उलटा करा: भरतीच्या वेळेत संग्रहालय, ओहोटीत वाळू. पाणी परत चढायला लागलं की मुलांना घेऊन लगेच मागे फिरा. गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. इथे न फुटलेला दारूगोळा आजही सापडतो.

दफनभूमीतल्या चुका

कॉलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीतून पायवाटेने खाली वाळूवर उतरता येतं, असं जुन्या प्रवासवर्णनांत वाचाल. ती वाट काही वर्षांपूर्वी बंद झाली. किनाऱ्यासाठी गाडी काढून सां-लोराँला जावं लागतं, तेवढा वेळ धरा. प्रवेश विनामूल्य आहे, पण दारात सुरक्षा तपासणी असते. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद.

थडग्यांवरच्या नऊ हजार तीनशेहून अधिक पांढऱ्या खुणांच्या रांगा पाहून मोठी माणसं गप्प होतात. लहान मुलं धावायला लागतात, कारण समोर एवढं हिरवंगार गवत असतं. त्यांना रागावण्यापेक्षा आधी वाळूवर मनसोक्त पळू द्या आणि मग इथे आणा. डबा उघडणं, थडग्यांमध्ये पोझ देऊन फोटो काढणं इथे चालत नाही.

एकच दफनभूमी बघायची असेल तर मी बायूची ब्रिटिश दफनभूमी सुचवेन. ती लहान आहे, गावातून चालत जाता येतं, आणि तिथल्या कित्येक दगडांवर घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ आहे. इंग्रजी वाचता येणारं मूल त्या ओळी वाचत एकेका दगडापुढे थांबतं. शेजारीच जर्मन सैनिकांचीही थडगी आहेत, आणि त्यावर मुलं जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं आधी ठरवून ठेवा. ला काँबच्या जर्मन दफनभूमीत २१ हजारांहून अधिक पुरलेले आहेत. गडद, जड जागा आहे. ती मोठ्या मुलांसाठीच ठेवा.

प्वांत द्यु ऑकला बाबागाडी नेऊ नका. बॉम्बच्या खड्ड्यांनी जमीन अजून खाचखळग्यांची आहे आणि पुढे सरळ कडा. गोष्ट मात्र मुलांना आवडेलच अशी: वरच्या जर्मन तोफा निकामी करायला २२५ अमेरिकन रेंजर, म्हणजे खास तयारीचे सैनिक, दोरांनी कडा चढून वर गेले, तर तोफा जागेवर नव्हत्याच. मग शोधाशोध करून त्या आत, झाडीत लपवलेल्या सापडल्या आणि निकामी केल्या गेल्या. दोन दिवसांनी त्यातले ९० च्या आसपासच लढण्याच्या स्थितीत होते.

व्हिसा, गाडी, जेवण

लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पोर्टस्मथहून विस्त्रेआमची फेरी सोयीची वाटते, आणि ती आहेही. पण पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना फ्रान्समध्ये चालत नाही. शेंगेन व्हिसा लागतोच, आणि उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसं आधीच बुक करा आणि दहा वर्षांखालच्या मुलांसाठी सीटही सांगून ठेवा. गाडी चालवायची नसेल तर बायूहून निघणारी मिनीबस सहल घ्या. त्यात लहान मुलांना घेतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

६ जूनचा आठवडा टाळलेला बरा. रस्ते बंद होतात आणि खोल्या मिळत नाहीत. जानेवारीत काही संग्रहालयं बंद असतात. मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर उत्तम, पण वारा तेव्हाही बोचतो. जॅकेट असू द्या.

शाकाहारींनी क्रेपरीत, म्हणजे क्रेप मिळणाऱ्या खानावळीत, जाऊन कुट्टूच्या पिठाचा, आपल्या धिरड्यासारखा गालेत मागवावा. त्यातला ‘कंप्लेत’ मात्र हॅम घातलेला असतो, चीज-मश्रूमचा वेगळा सांगा. दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद झालं की सातपर्यंत गरम काही मिळणं कठीण, तेव्हा डिकीत ब्रेड, फळं आणि घरून आणलेले थेपले ठेवा.