यमाचा रेडा भट्टीत फुटला तेव्हा

माझं पहिलं मोठं शिल्प मार्कंडेयाचं. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार? नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ बघतच मोठी झाले. पिंडीला घट्ट बिलगलेला मुलगा, मागे रेड्यावर यम, हातात पाश. त्या रेड्यावर मी तीन आठवडे घालवले आणि भट्टीत तो फुटला. एकटा फुटला असता तर रडून मोकळी झाले असते. त्याच्या तुकड्यांनी त्याच फळीवरची आणखी तिघांची कामं गेली. त्यातलं एक परीक्षेचं होतं. ती मुलगी मला एक शब्द बोलली नाही. ते अजून टोचतं.

माती मळणं, चिरा पाडून स्लिपनं, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीनं, जोडणं, बिस्क (पहिली भाजणी) आणि ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) यांतला फरक, हे तुम्हाला येतं असं धरते. मला सांगायचंय ते वाळवण्याबद्दल.

मातीत हवा राहिली की काम फुटतं, असं जो तो सांगतो. म्हणून मी माती तासन्‌तास मळली, सुईनं बुडबुडे शोधून फोडले. पण काम फोडते ती हवा नव्हे, पाणी. मातीच्या पोटात राहिलेलं पाणी 100 अंशांना उकळतं. त्याची वाफ होताना ती सुमारे 1,700 पट जागा मागते आणि जाड भिंतीतून वेळेत सुटका झाली नाही की वाट फोडून निघते. माझ्या रेड्याचं पोट भरीव होतं, आरपार सात सेंटीमीटर. त्यात एप्रिल महिना, सोलापूरची गच्ची, पारा 42 वर. दोन दिवसांत रेडा पांढुरका पडला, टिचकी मारली तर टणक लागला. ऊन फुकट मिळतंय म्हणून मी खूश होते. पण असलं कोरडं ऊन वरची कातडी आधी सुकवतं, ती आवळून बसते आणि ओल आत कोंडते. आपल्याकडे काम वाळलेलं दिसणं आणि खरंच वाळणं यांत दोन-दोन आठवड्यांचं अंतर असू शकतं. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

आता मी काय करते ते ऐका. काम लेदर हार्ड झालं, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटत नाही पण सुरीनं कापता येतं, की ते तारेनं दोन भागांत कापते, आतून कोरून भिंत दीड सेंटीमीटरवर आणते आणि पुन्हा जोडते. पोकळीला न दिसणाऱ्या जागी एक भोक ठेवते. पंखा नाही, ऊन नाही. वर प्लास्टिक, ते रोज थोडं थोडं उघडायचं. कान, शिंगं, बोटं आधी सुकतात, त्यांना ओलं फडकं बांधून ठेवायचं. मग गालाला लावून बघायचं: गार लागलं तर आत पाणी आहे. गालही फसवतो, म्हणून वजन करा. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, वहीत लिहून. वजन उतरतंय तोवर पाणी जातंय. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच भट्टी. आणि भट्टीतही पहिली रात्र 80-90 अंशांवरच काढायची. वीजबिल वाढतं, वाढू दे.

रेड्याचे तुकडे पिशवीत घालून मी कुंभार वेशीत एका म्हाताऱ्या कुंभारमामांकडे गेले होते. त्यांनी एक तुकडा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, भरीव कशाला केलीस गं? आमचा रांजण भरीव असतो का?" एवढंच. पुस्तकं वाचून जे कळलं नव्हतं ते तिथं कळलं. चाकावर उभं राहणारं भांडं जन्मतःच पोकळ. पुराणातले मोठे आकार मातीत करणाऱ्या पिढ्यांनी तेच ओळखलं होतं. तमिळनाडूत गावाबाहेर उभे असलेले अय्यनार या ग्रामदेवाचे मातीचे घोडे माणसाहून उंच, पण आतून पोकळ. राजस्थानात मोलेला गावचे कुंभार मातीच्या फळ्यांवर देव घडवतात, त्या मातीत गाढवाची लीद मिसळतात, तिच्या तंतूंमुळे माती चिरत नाही आणि ओलीला वाट मिळते. आपल्याला जवळ धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. तिथल्या संग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या मृण्मूर्ती जाऊन बघाच. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग सांधलेल्या. मी तिथं पाठीमागचा सांधाच बघत बसले होते.

आता जरा कडू बोलते. पीओपीच्या तयार साच्यातून गणपती काढून वर चकचकीत ग्लेझ मारणं याला मी शिल्प म्हणत नाही. फोनवर दिसलेलं शंकराचं चित्र मातीत उतरवणं, तेही नाही. एका दिवसात प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिरात पैसे घालू नका. आणि भट्टी भरताना, उघडताना जो गुरू तुम्हाला लांब ठेवतो, त्याच्याकडे वर्ष काढू नका. मी काढलं. पण घाबरूही नका: न भाजलेलं काम चुकलं तर ते पाण्यात टाका, माती परत तुमची. मी एक गरुड चार वेळा भिजवला आणि पाचव्यांदा त्याची मान बसली.

सध्या कुंभारकन्येवर काम करतेय. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी जिचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी, म्हणजे त्यांच्या काठीशी, लग्न लागतं, ती आपली. हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्यावर अक्षता टाकताना लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा: या सगळ्या गोष्टीत तिला काय वाटलं असेल? शिवाय ती मातीकाम करणाऱ्याच घरातली, आणि तिला मातीत मी कुणाकडे पाहिलेलं नाही. अडचण दंडाची होती. मातीची लांब, सडपातळ काठी उभी राहत नाही, वाळताना वाकते, भट्टीत मोडते. महिनाभर अडले. शेवटी काठी सोडली आणि दंड तिच्या पाठीतून वर निघणारी पोकळ नळी केली, तिची वेणी त्याच्याभोवती गुंडाळली. आता ती दंडाला टेकलीय की दंड तिला, हे बघणाऱ्यानं ठरवावं. मातीनं अडवलं नसतं तर मला हे सुचलं नसतं.

काल सकाळी तिचं वजन सहा किलो चाळीस ग्रॅम भरलं. आज सहा किलो तीस. प्लास्टिक परत लावून ठेवलंय.