गुडघ्यासाठी मॅन्युअल थेरपी: कोणतं तंत्र आपल्याला लागू पडतंय, हे कसं ताडून पाहावं

मॅन्युअल थेरपी म्हणजे थेरपिस्टने हातांनी सांधा किंवा स्नायू हाताळून केलेला उपचार. गुडघ्याच्या झिजेचं निदान झालेला रुग्ण चार ठिकाणी चौकशी करून येतो आणि विचारतो, "मेटलंड चांगलं की मुलिगन?" ही त्यातलीच दोन तंत्रं. अशा तंत्रांची थेट तुलना करणारे बहुतेक अभ्यास लहान आणि काही आठवड्यांपुरतेच आहेत. त्यामुळे सगळ्या गुडघ्यांसाठी एकच विजेता त्यातून ठरत नाही. तुमच्या गुडघ्यापुरतं मात्र ठरवता येतं. त्यासाठी उपचाराच्या आधीचे आकडे लिहिलेले हवेत.

एक गोष्ट सर्वांत आधी. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल, नुकताच मार लागला असेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर कुणालाही गुडघा दाबू देऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर तेही थेरपिस्टला सांगून ठेवा.

१. पहिल्या भेटीआधी मोजा

वही घ्या. तुम्हाला सर्वांत जास्त त्रास देणारी एक हालचाल निवडा, उदाहरणार्थ जिना उतरणं, आणि त्या वेळच्या दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या. "गुडघा दुखतो" एवढं लिहून भागत नाही. कोणत्या हालचालीला दुखतो, हे हवं.

मग खुर्चीची चाचणी करा. हात नसलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी करून घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. तोल जाण्याची भीती असेल, तर कुणाला तरी शेजारी उभं करा. गुडघा किती अंशांत वाकतो, हे थेरपिस्टकडून गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, मोजून घ्या. वोमॅक ही २४ प्रश्नांची प्रश्नावली मिळाली तर तीही भरा. तिच्यात ५ प्रश्न दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि तब्बल १७ रोजच्या कामांचे आहेत.

ही मोजमापं आठवडाभरात दोन-तीन वेळा घ्या. झिजेचं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत, म्हणजे काहीही केलं तरी पुढे थोडं बरं वाटणारच. त्याचं श्रेय चुकून तंत्राला जाऊ नये.

२. तुमची तक्रार आणि तंत्र यांची जोडी लावा

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीत तुम्ही सैल पडून राहता आणि थेरपिस्ट सांध्याला लयीत झोके देतो. त्याच्या चार श्रेणी आहेत. पहिली आणि दुसरी अडथळा जाणवण्याआधीच थांबतात, त्या दुखणं शमवण्यासाठी. तिसरी आणि चौथी अडथळ्यापर्यंत जातात, त्या आखडलेपणासाठी. गुडघा बसल्या जागी ठणकत असेल तर सुरुवात खालच्या श्रेणीपासून व्हावी. ठणकणाऱ्या गुडघ्यावर पहिल्याच दिवशी चौथी श्रेणी मला पटत नाही.

न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांची पद्धत वेगळी. थेरपिस्ट नडगीचं हाड किंचित बाजूला सरकवून किंवा फिरवून धरतो आणि गुडघा तुम्ही स्वतः वाकवता. धरलेलं असताना हालचाल अजिबात दुखता कामा नये, हाच तिचा नियम. दुखलं तर दिशा बदलायची, तरीही दुखलं तर सोडून द्यायचं. एखाद्या ठरावीक हालचालीतच कळ येत असेल, तर मी आधी हे करून पाहतो, कारण उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबोर्न यांच्या पद्धतीत झोके नसतात. सांधा हलकेच ओढून किंवा सरकवून काही सेकंद स्थिर धरतात. गुडघा शेवटच्या काही अंशांत अडत असेल, तर याचा विचार करावा. मांडीमागचे स्नायू ताठ असतील, तर ते आवळून सैल सोडण्याचं तंत्र किंवा मसाज. गुडघ्याची वाटी सरकत नसेल, तर वाटीचं मोबिलायझेशन, म्हणजे ती हाताने हळूहळू सरकवणं.

३. एका वेळी एकच तंत्र

इथे बहुतेकांची गल्लत होते. एकाच भेटीत मसाज, शेक, मशीन आणि मोबिलायझेशन झालं, तर बरं कशाने वाटलं ते कसं कळणार? थेरपिस्टला सरळ विनंती करा: दोन आठवडे एकच तंत्र, व्यायाम तेच आणि तितकेच. दर भेटीत तुमची दुखरी हालचाल उपचाराआधी, लगेच नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सकाळचा आकडा. दुखण्यात साधारण २ गुणांची घट टिकली, तर ती खरी धरायला हरकत नाही. मग दुसरं तंत्र घ्या, पण पहिल्याचा फायदा त्याच्या खात्यात मिसळलेला असेल, हे ध्यानात ठेवा.

४. आराम मिळाला की लगेच व्यायाम

हाताने दिलेला आराम उसना असतो, आणि तो बरेचदा काही तासांत ओसरतो. तेवढ्या वेळात खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम करून घ्यायचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या झिजेचे १५६ रुग्ण होते. निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना मॅन्युअल तंत्रं आणि व्यायाम असलेली फिजिओथेरपी. वर्षभरानंतर वोमॅकचे सरासरी गुण इंजेक्शनच्या गटात ५५.८ आणि फिजिओथेरपीच्या गटात ३७.० होते. इथे गुण जितके कमी तितकी तब्येत बरी. पण यात हाताने केलेल्या उपचाराचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचा २०२२ चा सल्लाही हाच, की मॅन्युअल थेरपीचा विचार करायचा तो व्यायामाच्या जोडीनेच.

५. निर्णय

दुखणं उतरलं पण खुर्चीचा आकडा हलला नाही, तर तंत्र बदलू नका, व्यायाम वाढवून मागा. अंश वाढले पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर श्रेणी खाली आणायला सांगा. आणि तीन-चार आठवड्यांत एकही आकडा सरकला नाही, तर टेबलावर पडून राहण्याचा वेळ व्यायामाला द्या आणि वही घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा.