बदली होऊन कोकणात आलात? मर्दानी खेळाच्या ग्रुपमध्ये कसं शिरायचं

बँकेची बदली मालवणला झाली, लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, दापोलीला कृषी विद्यापीठात ॲडमिशन मिळाली, सगळ्यांचं सुरुवातीचं दुखणं एकच. ऑफिस ते रूम, रूम ते खानावळ. आठ-साडेआठला बाजारपेठ गप्प होते, समुद्र दोन रविवारांत बघून होतो, आणि ओळख म्हणाल तर खानावळीतल्या काकू. क्रिकेटच्या टीम वाडीवाडीच्या असतात, भजनात पखवाजावर कोण बसणार हे दोन पिढ्यांपूर्वीच ठरलेलं असतं. त्यातल्या त्यात बाहेरच्याला दार उघडं असतं ते मर्दानी खेळाच्या ग्रुपचं, म्हणजे शिवकालीन युद्धकला असा बॅनर लावतात ते, लाठीकाठी, फरीगदगा, तलवार, दांडपट्टा. आणि हे वेड आपलंच नाही बरं का, अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली एका घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन थाटाची पार्टी झाली, त्यातून निघालेला प्रकार आता देशोदेशी पसरलाय, लोक चिलखत चढवून वेताच्या तलवारींनी सुट्टीच्या दिवशी एकमेकांना बडवतात आणि मग एकत्र पंगतीला बसतात. तिकडेही कित्येकांना तलवारीपेक्षा पंगतच हवी असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ग्रुप शोधायचा कसा? इन्स्टावर शोधू नका, तिथे ज्यांचा कॅमेरा चांगला तेच दिसतात. शिवजयंतीची मिरवणूक (१९ फेब्रुवारीची किंवा तिथीची, बऱ्याच ठिकाणी दोन्ही होतात आणि कुठली खरी या वादात तुम्ही बाहेरचे असताना अजिबात पडायचं नाही), पाडव्याची शोभायात्रा, असं काहीतरी गाठा. खेळ संपला की फेटा बांधून फोटो काढून घेणाऱ्यांकडे जाऊ नका, बाजूला जो पोरगा हत्यारं मोजून गोणपाटात बांधत असतो त्याला विचारा, सराव कधी आणि कुठे. खरी माहिती त्याच्याकडे असते.

पण जॉइन मात्र पावसात व्हा. फेब्रुवारीत सगळे कार्यक्रमाच्या गडबडीत, नवीन माणसाला पवित्रा शिकवायला कोणाला वेळ नसतो. जून-जुलैत सराव शाळेच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात होतो, छत खाली म्हणून विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकता येत नाही, लाठी पण जपून फिरवायची, मग पायांचंच काम जास्त, म्हणजे नवख्याला हवं तेच. दुसरं म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे एरवी कधी न दिसणारी बंदरावरची पोरं रोज सरावाला असतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास ती गायब होतात, तेव्हा ओळख त्याआधीच करून घ्या.

फी भरायच्या आधी दोन-तीन वेळा नुसतं बसून बघा. मुली येतात का आणि येत असतील तर त्यांना पट्टा हातात मिळतो की नुसतं मिरवणुकीत पुढे उभं करतात. सगळ्या वाड्यांची पोरं आहेत का. आडनाव ऐकून कोणाचा चेहरा बदलतो का. बॅनरवर महाराजांपेक्षा मोठा फोटो कुठल्या स्थानिक नेत्याचा आहे का. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, मायनाक भंडारी होता, कोळी, भंडारी, गाबित सगळे एका गलबतावर होते, हे ज्या ग्रुपला ऐकायला आवडत नाही तिथे तुम्हाला आज घेतील पण उद्या दुसऱ्या कोणाला तरी बाहेर काढताना तुम्हीच बघत बसाल. असा असेल तर शेजारच्या गावातला बघा, चार किलोमीटर गाडी मारायची.

पहिल्या दिवशी ट्रॅक पॅन्ट, टीशर्ट, पाण्याची बाटली, बस. चपला बाहेर, आत आल्यावर जमिनीला हात लावून नमस्कार, बाकीचे करतात तसं. "खंयसून इलास?" हे सगळे विचारतील, सरळ गावाचं नाव सांगा, घाटावरचा असेल तर घाटावरचा म्हणून सांगा, थोडी चेष्टा होईल ती होऊ द्या. उगाच मोडकी मालवणी बोलायला जाऊ नका, ती आपोआप येते. आणि शिकवणारी कोण असेल सांगता येत नाही, कॉलेजातली मुलगी असेल आणि तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे मॅनेजर, तरी तिला ताईच म्हणायचं आणि रांगेत उंचीप्रमाणे उभं राहायचं. हे ज्यांना जमत नाही ते दुसऱ्या आठवड्यात गुडघेदुखी सांगून बंद होतात, गुडघा तसा ठणठणीत असतो!

लाठी विकत घ्यायची घाई नको, ग्रुपमधलाच कोणीतरी कुडाळ-कणकवलीकडून माणग्याच्या आणून देईल, हा बांबू जवळजवळ भरीव असतो म्हणून लाठीला चालतो. सुरुवातीला मनगट दुखेल, स्वतःचीच लाठी नडगीवर बसेल, सगळ्यांची बसते. खरी परीक्षा फरीगदग्यात. एका हातात छोटी ढाल म्हणजे फरी, दुसऱ्यात चामड्यात मढवलेली छडी म्हणजे गदगा, समोर जोडीदार. आता इथे नीट बघा काय होतं ते. नवीन माणसावर समोरचा वार करतो तेव्हा गदगा फरीवर नुसता टेकतो, टप्. शेजारच्या जोडीत तोच माणूस असा हाणतो की फरीचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. तुम्हाला वाटतं आपलं चांगलं चाललंय, पण नाही, तुम्ही अजून पाहुणे आहात. "हळू मार रे, पावणो आसा तो", हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्याचा अर्थ तुम्ही अजून बाहेरचेच असा आहे.

यातून बाहेर यायला जोरात मारून दाखवायचं नाही, नवखे हमखास तेच करतात. वार थांबवून दाखवायचा. डोक्यावरचा वार कानाच्या वीतभर आधी थांबला पाहिजे, हूल दिली आणि समोरचा चुकीच्या बाजूला वळून उघडा पडला तर हात आवरला पाहिजे, बोटांवर लागलंच तर खेळ तिथेच थांबवून त्याचा हात बघितला पाहिजे. (बर्फ लागला तर बंदरावर मिळतो, थोडा माशाचा वास येतो, चालतं.) तुमचा हात भरवशाचा आहे हे लोक न बोलता बघत असतात. मग एक दिवस कोणी काही जाहीर न करता तुमच्या फरीवर पण तसाच सणसणीत बसतो. झालं, आत आलात.

दांडपट्टा मागू नका. सगळ्यांना तोच हवा असतो, २०२४ च्या शिवजयंतीला राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाल्यापासून तर जास्तच, आणि रीलमध्ये दिसतो पण भारी. पण त्याची मूठ कोपरापर्यंत हाताला बंद करते, मनगट वळत नाही, सगळा वार खांद्यातून, आणि पातं लांब, लवचिक. बाजूला कोण उभं आहे याचं भान अंगात मुरल्याशिवाय कोणी देत नाही आणि देऊ पण नये. त्याऐवजी पट्टा पुसायला बसा. आपल्याकडची खारी हवा, घामाचा हात लागलेलं पातं दुसऱ्या दिवशी लालसर दिसायला लागतं, त्यामुळे सराव झाला की कोणीतरी फडकं, पॉलिश पेपर आणि तेलाची बाटली घेऊन बसतंच. तिथे बसा. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाच्या होडीचं इंजिन गेलंय, वस्ताद कोणावर का चिडले, सगळं तिथे कळतं, आणि गणपतीत घरी आरतीला या असं आमंत्रण पण तिथेच मिळतं. बोलावलं तर जायचं, मोदक नको म्हणायचं नाही.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून आधीच सांगते. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, त्यात ग्रुपची जुनी मुंबईकर मंडळी असतात, आणि तुम्ही वर्षभर घाम गाळलेला असला तरी कार्यक्रमात पुढची जोडी त्यांना मिळते, तुम्ही मागे झेंडा धरून. रुसू नका. ते पंधरा दिवसांत परत जातात, आणि त्यांच्याशी जोडी खेळायला मिळाली तर जुने हात शिकायला मिळतात.

कायद्याचं पण बघून ठेवा. ग्रुपची हत्यारं बोथट असतात ती उगाच नाही, धारदार तलवार विनापरवाना बाळगली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली केस होऊ शकते. ऑनलाइन तलवार मागवून एसटीने मिरवत आणू नका. सणासुदीला पोलिसांचे मनाई आदेश निघतात त्यात लाठ्याकाठ्या पण येतात, म्हणून कार्यक्रमाची परवानगी कोणी काढली हे एकदा विचारून घ्या, आणि तुम्हाला अर्ज नीट लिहिता येत असेल तर ते काम आपणहून अंगावर घ्या, बँकवाल्यांना यासाठी ग्रुपमध्ये फार मान मिळतो.

आणि ते पोटावर लिंबू ठेवून पट्ट्याने कापतात ना, त्यासाठी नवीन माणसाला गमतीत आडवं व्हायला सांगतात. सरळ नाही म्हणा. जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापून दाखवलं तरी कौशल्य तेच असतं, आणि नाही म्हटलं म्हणून ग्रुपमधून कोणाला काढलेलं मी तरी बघितलेलं नाही.